‘सर आणि मॅडम दोघंही घरी असतील ना?’

पनवेलमध्ये नव्या फ्लॅटचं पझेशन घेतलं की पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आत फोन सुरू होतात. नंबर कुठून फिरतो देव जाणे, पण मॉड्युलर किचनवाला, वॉटर प्युरिफायरवाला, इनव्हिजिबल ग्रिलवाला, सेफ्टी डोअरवाला, मच्छरजाळीवाला असे सगळे रांगेत हजर. बिल्डिंगच्या खाली टेबल टाकून बसलेले वेगळेच. फोनवरचा मुलगा किंवा मुलगी आपल्याच वयाची असते, अतिशय गोड बोलते, ‘फ्री डिझाइन, फ्री मेजरमेंट, काहीच ऑब्लिगेशन नाही’ असं सांगते आणि मग शेवटी हळूच विचारते, ‘संडेला सर आणि मॅडम दोघंही घरी असतील ना?’

एक जणच आहे म्हटलं तर काय होतं? करून बघा. ‘मग आपण दोघं असताना ठेवू या का?’ असं उत्तर येतं. चार वेळा टाळणाऱ्या माणसाच्या मागे लागणारे हे लोक एकट्या माणसाकडे यायला मात्र तयार नसतात. फुकट काम करून द्यायचंय तर समोर एक जण आहे की दोन, याने काय फरक पडतो?

पडतो. आणि बराच पडतो.

आधी आपल्या गावाबद्दल. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा हे सगळं एका छत्राखाली आलं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. करंजाडे आणि उलवे तर आपल्या डोळ्यांसमोर उभे राहिले. नवीन घर म्हणजे रिकामं घर. चार भिंती, एक ओटा आणि खिडक्यांना काहीच नाही. बिल्डर चावी देतो आणि त्यानंतरचा खर्च सुरू होतो. त्यात इथल्या बऱ्याच घरांत नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळची लोकल पकडून सीएसएमटी गाठायला जवळपास ऐंशी मिनिटं, येताना तेवढीच. दोघं एकाच वेळी जागे आणि घरी असा वार एकच, रविवार. म्हणून हार्बरवर मेगाब्लॉक आणि घरात डेमो, दोन्ही त्याच दिवशी.

आता मुद्द्याचं. दोघं कशाला हवेत याचं जे कारण सेल्सवाले सांगतात, ते खोटं नाही. घर हल्ली बहुतेक वेळा दोघांच्या नावावर असतं. होम लोनसाठी दोघांचे पगार मोजले की रक्कम वाढते आणि बँक सहमालकाला सहकर्जदार करूनच घेते. मग किचनवर तीन-चार लाख खर्च करायचे आणि त्याचा ईएमआय बांधायचा तर दोघांना माहीत हवं, हे पटण्यासारखं आहे. डिझाइनचाही प्रश्न असतो. ओटा साधारण ३२ ते ३६ इंचांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि ते नेमकं किती हे स्वयंपाक करणाऱ्याच्या उंचीवर ठरायला हवं. जो उभा राहणार तो समोर नसेल तर माप कुणाचं घेणार?

पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मला माझ्या कॉलेजच्या सीनियरने सांगितलं. त्याने आठ महिने घरोघरी जाऊन असंच एक प्रॉडक्ट विकलंय. (कुठलं ते त्याने छापू नको म्हटलंय.) तो म्हणाला, ‘अगं, आपल्याकडे नाही म्हणायचा सगळ्यात सभ्य मार्ग कुठला? घरी विचारून सांगतो. मिस्टरांना विचारते. दोघं समोर बसले की हे वाक्यच संपलं. कुणाला विचारणार आता?’

बस. इतकं साधं आहे ते. अमेरिकेत छप्पर, खिडक्या, बाथरूम बदलून देणाऱ्या कंपन्यांत ही पद्धत इतकी मुरलेली आहे की एकच जण घरी असलेल्या भेटीला तिथल्या सेल्सच्या भाषेत नावच आहे, ‘वन-लेगर’. म्हणजे एका पायाची बैठक. एका पायावर टेबल उभं राहत नाही आणि सौदाही. तिथे तर भेट ठरवतानाच घरमालक दोघंही हजर हवेत ही अट घालतात. आपल्याकडे ती अट म्हणून येत नाही, काळजी म्हणून येते. ‘सरांनाही आवडायला हवं ना, मॅडम.’

माझ्या सीनियरच्या कंपनीत व्हिजिट झाली की ॲपमध्ये टिक करायचं असायचं, निर्णय घेणारे दोघं हजर होते की नाही. नसतील तर ती व्हिजिट टार्गेटमध्ये धरायचे नाहीत. पेट्रोल मात्र त्याच्या खिशातून. कळंबोलीहून उलव्याला भर दुपारी बाइकवर जायचं, आणि दार उघडून काकू म्हणणार, ‘हे अचानक ड्युटीवर गेले.’ त्या काकूंनी पन्हं दिलं तरी तो दिवस फुकट. त्यामुळे फोनवरचा तो मुलगा चार-चार वेळा ‘नक्की दोघं ना?’ विचारतो तेव्हा त्याच्यावर वैतागू नका. त्याचा पगार त्या उत्तरावर अडकलेला असतो.

आमच्या घरी हे नाटक गेल्या वर्षी झालं. बाबा उरणच्या बाजूला शिफ्टमध्ये काम करतात, त्यामुळे ‘दोघं घरी’ हा योग जुळायला तीन आठवडे लागले. जुळला तेव्हा दोन जण आले, लॅपटॉप, लॅमिनेटच्या नमुन्यांची बॅग, लेझरचं मेजरमेंट यंत्र. अकराला आले ते दीडला उठले. गंमत अशी की पहिला तासभर प्रश्नांची वाटणीच झाली. रंग, हँडल, मसाल्याची ट्रॉली हे सगळं आईला. बजेट, वॉरंटी, पेमेंट हे बाबांना. आई ज्युनिअर कॉलेजला अकाउंट्स शिकवते. बाबांना घरातला गॅस सिलिंडर किती दिवस जातो तेही सांगता येणार नाही. तरी वाटणी अशीच. शेवटी आईनेच विचारलं, ‘सिंकखालचा प्लाय कुठला? बीडब्ल्यूआर की बीडब्ल्यूपी?’ दोघं एकमेकांकडे बघायला लागले. (बीडब्ल्यूआर म्हणजे दमट जागेत टिकणारा, बीडब्ल्यूपी म्हणजे त्याहून पक्का, आयएस ७१० शिक्क्याचा, ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणतात. सिंकखाली तोच बरा. आणि एमडीएफ असेल तर पाण्यापासून देवच वाचवो.)

मग आकडा आला. तीन लाख ऐंशी हजार. बाबांचा चेहरा बघून लगेच, ‘पण आज कन्फर्म केलं तर फेस्टिव्ह ऑफरमध्ये तीन दहा.’ कुठला फेस्टिव्हल ते कळलं नाही, जून महिना होता. आम्ही गप्प. मग त्यांच्यातला एक गॅलरीत जाऊन मॅनेजरला फोन करून आला. ‘तुमच्या फॅमिलीसाठी स्पेशल, दोन पंच्याऐंशी. पण ही प्राइस आज संध्याकाळपर्यंतच. वीस हजार टोकन टाका, लॉक करून टाकू.’ टोकन परत मिळतं का, यावर उत्तर आलं, ‘ॲडजस्ट होतं.’ ॲडजस्ट होणं आणि परत मिळणं यातला फरक अकाउंट्सवालीला सांगावा लागत नाही.

इथे बाबा जवळजवळ फोन काढतच होते. आणि आईने शांतपणे सांगितलं, ‘आज अमावास्या आहे हो. अमावास्येला आमच्याकडे घरातलं काही ठरवत नाहीत.’

दोघं सेल्सवाले मराठीच होते. याच्यापुढे काय बोलणार? मॅनेजरच्या स्क्रिप्टमध्ये ‘मिस्टरांना विचारते’चं उत्तर होतं, ‘दुसरीकडे बघून सांगतो’चं होतं, अमावास्येचं नव्हतं. निमूट कोटेशन ठेवून गेले. ते लिफ्टमध्ये शिरल्यावर बाबांनी कालनिर्णय बघितलं. दशमी होती.

आई मुळातली कोल्हापूरची, तिच्याशी आम्ही वाद घालत नाही. पण नंतर ते कोटेशन शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की लॉफ्ट त्यात नव्हता, चिमणी नव्हती, ट्रॉल्यांच्या आतल्या जाळ्या ‘ॲज पर ॲक्च्युअल’ होत्या. घाईत बघणाऱ्याला हे दिसत नाही. आणि समोर दोन माणसं बसलेली, चहा झालेला, अडीच तास त्यांनी आपल्यासाठी घालवलेले, असं असताना कागद बारकाईने वाचत बसणं आपल्या संस्कृतीत उद्धटपणात मोडतं. त्या अडीच तासांचा उपयोग तोच असतो.

पाण्याच्या मशीनचा डेमो तर याहून नाट्यमय. दोन ग्लास ठेवतात. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओचं. दोन्हीत एक यंत्र बुडवून वीज सोडतात. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ, किळस येईल असं होतं आणि आरओचं स्वच्छ राहतं. मग प्रश्न, ‘घरात लहान मुलं आहेत ना?’ आई-बाप एकमेकांकडे बघतात आणि सौदा तिथेच होतो. प्रत्यक्षात तो गाळ पाण्यातला नसतोच. यंत्राचे दांडे लोखंडाचे असतात. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, दांड्यांचं लोखंड सुटतं आणि त्याचा गंज पाण्यात तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीजच नीट वाहत नाही. अकरावीच्या केमिस्ट्रीतलं इलेक्ट्रोलिसिस आहे हे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं म्हणतं. धरणातून येणाऱ्या पाण्यात ते सहसा त्याच्या बरंच खाली असतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचं वेगळं, ते तपासूनच घ्यावं. पण दोघांना एकत्र घाबरवलं की तपासायचं कुणाच्या मनात येत नाही.

### साहेब घरी नसताना

दारावर येऊन विकणं ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या आज्यांच्या काळात बोहारीण यायची. जुन्या साड्या, पँटी द्यायच्या आणि पातेलं, डबा घ्यायचा. घासाघीस अशी व्हायची की ऐकणाऱ्याने दमावं. बोहारणीने आयुष्यात कधी ‘साहेब घरी असताना येते’ असं म्हटलं नाही. उलट साहेब घरी नसण्यातच दोघींची सोय होती, कारण त्यांच्या आवडत्या पँटी त्यातच जायच्या. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्सने टाय लावलेले सेल्समन व्हॅक्यूम क्लीनर घेऊन घरोघरी पाठवायला सुरुवात केली, पुढे दोन वर्षांत ॲक्वागार्ड आलं. वस्तू महाग झाली. स्टीलच्या डब्यापर्यंत घरातल्या बाईचा निर्णय चालत होता, हजारांत गेल्यावर ‘यांना विचारावं लागेल’ सुरू झालं. आजचं ‘दोघं असाल ना’ तिथूनच आलंय असं मला वाटतं.

आणि इथेच ते मला खटकतं. कारण हा प्रश्न दोघांना सारखा विचारला जात नाही. बाबा एकटे घरी असते तर ते लोक कदाचित आले असते, ‘मॅडमना कलर व्हॉट्सॲप करतो’ म्हणाले असते. आई एकटी असताना मात्र नाही.

माझी मावशी कामोठ्यात राहते. काका सहा वर्षांपूर्वी गेले. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर, कर्ज तिने एकटीने फेडलं. तिने खिडक्यांना ग्रिल बसवण्यासाठी एका ठिकाणी फोन केला. तिने, स्वतःहून. पलीकडून प्रश्न आला, सर कधी असतात? सर नाहीत म्हटल्यावर, मग मुलगा वगैरे कोणी? मुलगा बंगळुरूला. ‘मग ते येतील तेव्हा व्हिजिट ठेवू या का मॅडम?’ मावशी पंचावन्न वर्षांची आहे, तीस वर्षं नोकरी करतेय, सोसायटीची खजिनदार आहे. अख्ख्या बिल्डिंगच्या पेंटिंगचा चेक तिच्या सहीने गेला. पण स्वतःच्या खिडकीच्या ग्रिलसाठी तिचा ‘हो’ त्यांना अर्धाच वाटला.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं असा नियम आहे. खेड्यांत घराच्या नोंदीवर बायकोचंही नाव लावण्यासाठी ‘घर दोघांचे’ नावाने मोहीम झाली. इतकं सगळं करून नाव कागदावर आलं, पण दारावरच्या बेलपर्यंत ते पोहोचायचंय. हेच दोन मैत्रिणींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचं, हेच लग्न न केलेल्या तिशीतल्या मुलीचं. ‘डिसिजन मेकर कोण?’ हा कॉलम त्यांच्यासाठी बनलेलाच नाही.

सीनियरला मी हे विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की एकट्या बायकांच्या लीड्स तो स्वतः घ्यायचा, कारण बाकीचे सोडून द्यायचे, आणि त्या बायका हमखास कागद पूर्ण वाचायच्या. ‘त्यांना विकायला कठीण असतं. पण एकदा घेतलं की कॅन्सल होत नाही.’ टीम लीडरला त्याने हे सांगून बघितलं होतं. टीम लीडर म्हणाला, तू ॲपमध्ये टिक कर आधी.

जोडीनेच बोलवायचा आणखी एक प्रकार आहे, तो मॉलमध्ये आणि पेट्रोल पंपावर भेटतो. कूपन भरा, लकी ड्रॉ. दोन दिवसांनी फोन, ‘अभिनंदन, तुम्हाला गिफ्ट लागलंय, फक्त न्यायला पती-पत्नी दोघांनी यायचं.’ हॉटेलच्या हॉलमध्ये हॉलिडे मेंबरशिपचं प्रेझेंटेशन, पंचवीस वर्षांचं पॅकेज, आणि शेवटी गिफ्ट म्हणजे कुठलं तरी व्हाउचर. तुमच्या घरी असा फोन आला तर आई-बाबांना एकच सांगा, क्रेडिट कार्ड घरी ठेवून जा.

### सही झाली, आता?

परदेशात यावर कायदे झाले ते उगाच नाही. अमेरिकेत १९७४ पासून नियम आहे की कुणी तुमच्या घरी येऊन वस्तू विकली तर तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कारण न देता सौदा रद्द करू शकता. ब्रिटनमध्ये ही मुदत चौदा दिवस, फक्त मापाप्रमाणे बनवून घेतलेल्या वस्तूंना ती लागू नाही. भारतात घरी येऊन विकलेल्या किचनला किंवा ग्रिलला अशी सरसकट मुदत नाही. विम्याच्या पॉलिसीला तीस दिवसांचा फ्री लुक आहे, ॲपवरून घेतलेल्या कर्जालाही काढता पाय घ्यायची छोटीशी मुदत आहे, मात्र ट्रॉल्यांना नाही. गंमत बघा, नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा ‘डार्क पॅटर्न्स’वर बंदी आणली. त्यात ‘फक्त आजच, दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणं पहिल्याच नंबरला आहे. वेबसाइटला जे करता येत नाही ते आपल्या सोफ्यावर बसून बिनधास्त करता येतं.

तरी अगदीच निराधार नाही आपण. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं आणि पैसे परत न करणं हेही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. एकतर्फी, जाचक करारालाही आव्हान देता येतं. डायरेक्ट सेलिंगचे नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले, त्यांनुसार त्या साखळीतल्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय तुमच्या घरी यायचंच नाही. पहिला फोन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करायचा, तो फुकट आहे आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आपला रायगडचा अलिबागला. कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइन भरता येते, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. फक्त हातात कागद हवा. ‘ॲडजस्ट होतं’ हे तोंडी वाक्य आयोगापुढे उपयोगाचं नाही, त्यामुळे टोकन देण्याआधी ते रिफंडेबल आहे की नाही एवढं तरी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आमच्या ग्रुपमध्ये मी विचारलं की तुमच्या घरी काय करतात, तर उत्तरं भारी आली. एकीच्या घरी आई-बाबांनी खूण ठरवलीय, बाबांनी ‘चहा परत टाक गं’ म्हटलं की आज काही ठरवायचं नाही. एकाचे वडील सुरुवातीलाच सांगतात, ‘आम्ही आज ऐकणार आहोत, आज घेणार नाही,’ आणि अर्धे लोक तिथेच लॅपटॉप बंद करतात. जे बंद करत नाहीत त्यांच्याकडूनच ते पुढे खरेदी करतात म्हणे. मला ही परीक्षा आवडली.

आमचं किचन शेवटी ओळखीच्या सुताराने केलं, बीडब्ल्यूपी प्लायमध्ये, लॉफ्टसकट दोन पंचेचाळीसला. त्याने दोन आठवडे जास्त घेतले आणि एक ट्रॉली अजून अडकते. मावशीला जुन्या पनवेलमधल्या एका फॅब्रिकेटरचा नंबर मिळाला. त्याने फोनवर फक्त खिडक्या किती आणि मजला कितवा एवढंच विचारलं, संध्याकाळी येऊन माप घेऊन गेला. सीनियरने नोकरी सोडली. आता तो एका बँकेत होम लोनच्या फायली बघतो. तिथेही प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या लागतात, फक्त पन्हं कुणी देत नाही.